न वाचलेल्या लेखाचा निकाल

लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी कशी साजरी करावी याचा एक ठराविक परिपाठ महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींत केव्हाच पडून गेला आहे. तसबिरीला हार, एखादे भाषण, आणि भाषणाच्या अखेरीस १९०८ च्या खटल्यात शिक्षा होण्यापूर्वी टिळकांनी काढलेले ते सुप्रसिद्ध उद्गार. म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील येलवाल येथे नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या आम्हा दहापाच मराठी कुटुंबांतही हाच परिपाठ चालतो. यंदा मात्र त्यात एक लहानसा खंड पडला. भाषण आटोपून चहा फिरू लागला, तेव्हा शेजारधर्म म्हणून आलेल्या एका कन्नड गृहस्थांनी अगदी साध्या कुतूहलाने विचारले, "टिळकांनी लिहिले ते मराठीत. मग ज्यांनी त्यांना अपराधी ठरविले, त्यांना मराठी येत होते काय?"

उत्तर देण्यास आम्हांला वेळ लागला, ही कबुली प्रथम दिली पाहिजे. आम्हांपैकी प्रत्येकाला ते अखेरचे उद्गार पाठ होते. सहा वर्षे आणि मंडाले ही तर शाळेपासूनची ओळख. परंतु निकाल कोणी दिला, आणि काय वाचून दिला, हा प्रश्न आम्ही कधी स्वतःला घातलाच नव्हता. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे थोडे सविस्तर उत्तर आहे. आणि ते देताना, या निकालाविषयी आपण मराठी माणसांनी शंभराहून अधिक वर्षे जी प्रतिक्रिया जपली तिचीही थोडी चिकित्सा करणे भाग आहे.

घटनाक्रम थोडक्यात सांगतो. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बाँब पडला. मारावयाचे होते किंग्जफर्ड या न्यायाधीशास. बळी पडल्या केनेडी कुटुंबातील दोन स्त्रिया. १२ मे रोजी 'केसरी'त 'देशाचे दुर्दैव' हा लेख आला. ८ जूनला सरकारने स्फोटक द्रव्यांविषयी आणि वृत्तपत्रांविषयी दोन कायदे एकाच दिवशी संमत केले; दुसऱ्या दिवशी, ९ जूनला, 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा लेख प्रसिद्ध झाला. २४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली. जामिनासाठी बॅरिस्टर जीना यांनी केलेला अर्ज न्यायमूर्ती दावर यांनी नाकारला, आणि १३ जुलैपासून त्यांच्यापुढेच विशेष ज्यूरीसह खटला चालला. ज्यूरीत नऊ गृहस्थ होते : सात युरोपियन आणि दोन पारशी. २२ जुलैच्या रात्री सातांनी अपराधी म्हटले, दोघांनी निरपराधी. त्या काळच्या कायद्याप्रमाणे नवांपैकी सहांचे मत आणि न्यायाधीशाची संमती एवढे पुरेसे होते. सहा वर्षे काळे पाणी आणि एक हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी टिळकांना त्रेपन्नावे वर्ष लागत होते.

सात आणि दोन, हे आकडे स्वतःच बोलतात असे वाटते, आणि त्या वेळी जगभर ते तसेच ऐकले गेले. दूर युरोपात राहणाऱ्या लेनिनलाही या निकालातील नेमकी हीच गोष्ट टोचली. हिंदी ज्यूरर सोडा म्हणत होते आणि इंग्रजांच्या मतांनी शिक्षा झाली, हे त्याने त्याच उन्हाळ्यात लिहिलेल्या लेखात मुद्दाम नमूद केले. आपल्या लोकांना तर हे नवीन नव्हते. १८७६ साली आग्र्याला फुलर नावाच्या गोऱ्या वकिलाने मारलेला मोतद्दार मेला, तेव्हा फुलरला तीस रुपये दंड झाला. आणि त्याबद्दल व्हाइसरॉय लिटन यांनी दंडाधिकाऱ्याचा दोष दाखविला म्हणून सारा गोरा समाज लिटनवरच उलटला. १८८३ साली हिंदी न्यायाधीशांनी गोऱ्यांचे खटले चालवावेत असे सुचविणारे इल्बर्ट बिल आले. त्यावर एवढा गहजब झाला की, अखेर गोऱ्या आरोपीस निदान निम्मी ज्यूरी आपल्या वर्णाची मागण्याचा हक्क देऊन सरकारला तडजोड करावी लागली. आपला माणूस आपल्याच माणसांनी तोलावा, ही मागणी गोऱ्यांनी केली तेव्हा तो हक्क ठरला. टिळकांच्या बाजूने ज्यूरीविषयी हरकत घेण्यात आली तेव्हा ती फेटाळण्यात आली.

तेव्हा या निकालात वर्णभेद होता काय, याविषयी वाद नको. होता. परंतु टीकाकाराने तेथेच थांबू नये. कारण केवळ वर्णाच्या हिशेबाने या खटल्याचा अर्थ लावू गेलो, तर तो हिशेब लगेच चुकतो. त्या दिवाणखान्यात निर्णयाचा अधिकार असलेले एकंदर तीन पारशी होते. दोघे ज्यूरीत बसले होते, त्यांनी टिळकांना निरपराधी म्हटले. तिसरे न्यायासनावर होते. त्यांनी शिक्षा सांगताना टिळकांच्या बुद्धीला विकृत ठरविले आणि असली पत्रकारिता देशाला शाप आहे अशा अर्थाचे उद्गार काढले. हेच दावर १८९७ च्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या बाजूचे वकील होते. म्हणजे जात एक, धर्म एक, शहर एक, आणि तरीही मते परस्परविरुद्ध. आपल्या चरित्रकारांनी आणि वक्त्यांनी ही अडचण दावरांना फितूर ठरवून सोडविली. ती सोडवणूक सोपी आहे, समाधानकारक नाही. आणि ज्या दोघा पारशी गृहस्थांनी, गोऱ्या सातांच्या शेजारी बसून, त्या रात्री वेगळे मत दिले, त्यांची आठवण आपल्या किती भाषणांत निघते? दावरांवरचा राग आपण जपला, त्या दोघांविषयीची कृतज्ञता जपली नाही. प्रतिक्रियेचा हा पहिला दोष.

दुसरा दोष अधिक खोल आहे. आपण या खटल्याचे एक वाक्य करून टाकले. मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्या दालनात हा खटला झाला त्याच्याबाहेर ते वाक्य संगमरवरावर कोरले आहे. १९५६ साली, टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, मुख्य न्यायमूर्ती चागला यांनी त्या शिलेचे अनावरण केले आणि टिळकांना झालेल्या शिक्षा इतिहासाने धिक्कारल्या आहेत, अशा आशयाचे भाषण केले. न्यायालयाने आपल्याच भिंतीवर आपली चूक कोरून ठेवावी हे थोर आहे. असे उदाहरण सहसा सापडत नाही. परंतु ज्या वाक्यात टिळक मानवी न्यायासनाहून श्रेष्ठ अशा शक्तीकडे दाद मागतात, तेवढेच आपण उचलले. आणि त्याच्या आधी, त्याच मानवी न्यायासनापुढे, त्याच नऊ माणसांना उद्देशून ते एकवीस तास आणि दहा मिनिटे काय बोलत होते, ते सोडून दिले. जणू ते बोलणे निष्फळ होते म्हणून निरर्थकही होते.

ते भाषण आज कोणी वाचू म्हणेल तर मिळते, न. चिं. केळकरांनी खटल्याची साद्यंत हकीकत त्याच वर्षी इंग्रजीत प्रसिद्ध केली. माझ्या मते ते भाषण मराठी गद्याच्या समीक्षेतील एक महत्त्वाचे प्रकरण आहे. ते इंग्रजीत झाले हा योगायोग. त्याचा विषय मात्र मराठी लेख कसा वाचावा हाच आहे. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी शब्दाशब्दावर केली. राज्यशास्त्रातील इंग्रजी कल्पनांना मराठी अजून प्रतिशब्द घडवीत आहे. लेखकाच्या मनात जी इंग्रजी संज्ञा होती तिच्यासाठी त्याने जवळचा मराठी शब्द घेतला, आणि भाषांतरकाराने तो पुन्हा इंग्रजीत नेताना तिसराच शब्द घातला, तर मधल्या मध्ये अर्थ बिघडतो, हे त्यांनी दाखविले. लेख हा अँग्लो-इंडियन पत्रांशी चाललेल्या वादातील एक उत्तर आहे, तेव्हा प्रश्न न वाचता उत्तर वाचू नये, असे सांगितले. आणि त्यासाठी त्या पत्रांतील उतारेच्या उतारे कोर्टापुढे मांडले. एखाद्या वाक्यावर बोट न ठेवता लेख सबंध वाचावा, असा आग्रह धरला. शब्दाचा इतिहास, लेखाचा प्रसंग आणि कृतीची एकात्मता, या तीन गोष्टींवाचून वाङ्मयाचा विचार होत नाही, हे आपण आज विद्यार्थ्यांना शिकवितो. टिळक ते नऊ ज्यूररांना शिकवीत होते.

वाचकांनी या दृष्टीने एक साधा शब्द घेऊन पाहावा. उदाहरण माझे आहे, खटल्यातील नव्हे. 'जुलूम' हा शब्द आपण औरंगजेबाविषयी वापरतो, आणि पाहुण्याला चौथी पोळी वाढली की तोही हसत म्हणतो, "हा जुलूम झाला!" मनात नसता केलेल्या नमस्काराला आपण जुलमाचा रामराम म्हणतो. कोशात पाहून या शब्दाला एकच इंग्रजी प्रतिशब्द देणाऱ्याने, मराठी घरातील जेवणाची पंगत आणि मोगलांचा दरबार यांतील अंतर पुसून टाकलेले असते. आता दोन्ही लेखांच्या मथळ्यांकडे पाहा. 'देशाचे दुर्दैव' यात घरात कोणी गेल्यावर जसा कपाळाला हात लावावा तसा एक विषाद आहे. त्याच्या इंग्रजी भाषांतरात नुसती आपत्ती उरते. 'हे उपाय टिकाऊ नाहीत' यातील उपाय कोणाचे? आदल्या दिवशीचे दोन कायदे ज्याच्या डोळ्यांपुढे आहेत त्याला विचारावे लागत नाही. ज्याच्यापुढे फक्त बाँब आहे, त्याला प्रत्येक ओळीत बाँबच दिसणार.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हे लेख सौम्य नव्हते. बाँबचा मार्ग टिळकांनी पुरस्कारला नाही. परंतु त्या मार्गाला तरुण का लागले याचा दोष त्यांनी सरकारच्या पदरात निःसंदिग्धपणे घातला. नऊही ज्यूरर उत्तम मराठी जाणणारे असते तरी ते निरपराधीच म्हणाले असते, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. माझे म्हणणे निकाल उलटा लागावयास हवा होता एवढेच नाही. जो लेख त्यांतील बहुतेकांना वाचताच येत नव्हता, त्याच्या हेतूविषयी त्यांनी शपथेवर मत दिले, हा खरा अन्याय आहे. आणि शिक्षा सहा वर्षांऐवजी सहा दिवसांची असती तरी तो तेवढाच राहिला असता.

कोणी म्हणेल, भाषा येणे म्हणजे न्याय मिळणे असे थोडेच आहे? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उदाहरण जगाला माहीत आहे. १९५५ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला. सम्नर गावच्या कोर्टात त्याच्या वृद्ध नातलगाने, मोझ राइट याने, उभे राहून गोऱ्या आरोपींकडे बोट दाखविले. तो जे बोलला ते ज्यूरीतील बाराही गोऱ्यांच्या मातृभाषेत बोलला. तासाभरात ते आरोपी सुटले. आणि पुढील वर्षी एका मासिकाकडून पैसे घेऊन त्यांनी खुनाची कबुली दिली. म्हणजे भाषा कळूनही माणूस कळत नाही, असे होते. परंतु यावरून भाषेचे महत्त्व कमी ठरत नाही. सम्नरच्या बारा जणांनी ऐकावयाचे नाकारले, मुंबईच्या सातांना ऐकण्याचे साधनच नव्हते, आणि ते नाही याची खंतही त्या व्यवस्थेला नव्हती. वर्णाचा अहंकार दोन्हीकडे एकच : समोरच्याचे म्हणणे पुरते समजल्यावाचूनही आपण त्याचा निवाडा करू शकतो ही खात्री.

मग मुंबईत त्या निकालाला खरी प्रतिक्रिया कोणी दिली? निकालावर 'मराठा' पत्रात टीका केल्याबद्दल केळकरांवर न्यायालयाच्या अवमानाचा खटला झाला आणि त्यांना शिक्षा झाली. म्हणजे सुशिक्षितांनी बोलावे कसे हाही प्रश्नच होता. बाजार बंद पडले. आणि गिरणगावातील कामगारांनी काम थांबविले. एक दिवस नव्हे, सहा दिवस. टिळकांच्या शिक्षेच्या एकेका वर्षाला एकेक दिवस. लष्कर आले, गोळीबार झाला, माणसे मेली, तरी सहाचा हिशेब त्यांनी पुरा केला. या कामगारांत कोकणातून, घाटावरून आलेले, अक्षरओळख नसलेले लोक फार होते. 'केसरी' त्यांनी वाचला असेल तर तो दुसऱ्याच्या तोंडून. पण ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्याकडून मुकाट्याने वाचून घेतो, आणि आपल्याला वाचता येत नाही हे जाणून असतो. त्या सात गृहस्थांत आणि या हजारो कामगारांत मला हाच फरक दिसतो. वाचता दोघांनाही येत नव्हते. ऐकले एकाच पक्षाने.

टिळकांचे ते एकवीस तास वाया गेले असेही नाही. १९१६ साली त्यांच्या भाषणांवरून त्यांच्याकडून जामीन मागण्यात आला, तेव्हा जीनांनीच त्यांची बाजू मांडली, आणि न्यायमूर्ती बॅचलर व न्यायमूर्ती शहा यांनी तो हुकूम रद्द केला. भाषणे सबंध वाचावीत, सुटे तुकडे काढून त्यांवर निर्णय देऊ नये, हे तत्त्व त्या निकालात आले. जे १९०८ साली आरोपीच्या पिंजऱ्यातून सांगितले गेले, ते आठ वर्षांनी न्यायासनावरून ऐकू आले. आणि त्या दोघांपैकी एक इंग्रज होते. वर्णाच्या हिशेबाला हाही एक अपवाद, आणि सुखद अपवाद. पुढे ज्यूरीची पद्धत १९७३ च्या फौजदारी संहितेत उरली नाही. राजद्रोहाचे १२४-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्थगित ठेवले, आणि १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली. तिच्या जागी आलेल्या न्यायसंहितेत १५२ वे कलम वेगळ्या शब्दांत त्याच प्रदेशात उभे आहे. कलमांचे क्रमांक बदलतात. लेख कसा वाचावा हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीपुढे नव्याने येतो.

तो माझ्यापुढे ज्या प्रकारे आला ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी कर्नाटकातच दुसऱ्या एका गावी होतो; कचेरीचे नाव येथे नको. बागकामावर रोजंदारीने असलेल्या एका माणसाचा थकलेल्या मजुरीबद्दल कन्नड अर्ज आला. मला कन्नड येत नव्हते. अर्जासोबत कारकुनाने केलेले इंग्रजी भाषांतर होते, आणि त्यात प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'दिलेच पाहिजे' अशा अर्थाचे क्रियापद होते. रोजंदारीच्या माणसाने वरिष्ठांना हुकूम सोडावा याचा मला राग आला. अर्जदाराची भाषा उद्धट आहे, असा शेरा मी मारला आणि फाईल वर पाठविली. काही आठवड्यांनी एका कन्नड सहकाऱ्याने मूळ अर्ज वाचला आणि तो हसू लागला. "साहेब, याने 'कोडबेकु' लिहिले आहे. शब्द फोडला तर 'द्यायला पाहिजे' असा होतो खरा. पण आमच्याकडे हात जोडून मागतानाही असेच मागतात. तुमच्या मराठीत 'द्यावे, ही विनंती' म्हणतात, ते हेच."

मी दुसरा शेरा लिहिला, पहिला मागे घेतला. त्या माणसाला पैसे मिळाले. परंतु माझ्या शेऱ्यामुळे दोन महिने उशिराने मिळाले, आणि ते दोन महिने त्याने कसे काढले हे मी कधी विचारले नाही. त्या दिवशी मला प्रथमच कळले की, त्या सातांच्या बाकावर बसावयाला गोरा वर्ण लागत नाही. बदलीचा हुकूम, एक टेबल, आणि आपल्याला न येणाऱ्या भाषेतील अर्ज एवढे पुरते.

परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपणा सर्वांपुढे रोज असे लेख येतात. ते अर्ज असतात, तक्रारी असतात, जबाब असतात. त्यांवर आपण 'उद्धट', 'संशयास्पद', 'दखल घेऊ नये' असे निकाल देतो. त्या निकालांना कोणी संगमरवर लावीत नाही. टिळकांच्या तसबिरीला हार घालून आपण परत कचेरीत जातो तेव्हा, त्या खटल्यातील आपली जागा आरोपीच्या शेजारी आहे असे आपण गृहीत धरतो. ती कोठे आहे हे सोमवारी सकाळी, पहिली फाईल उघडल्यावर ठरते.

येलवालचे नाव देशाला माहीत झाले ते १९५७ च्या सप्टेंबरात येथे भरलेल्या ग्रामदान परिषदेमुळे. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आणि पंडित नेहरू येथे आले होते. आणि ज्यांच्यासाठी ही सारी मंडळी जमली ते विनोबा रायगडच्या गागोद्याचे, मराठी. ज्या प्रांतात जावयाचे त्याची भाषा शिकावयाची, हा त्यांचा नेम होता, आणि कन्नड त्यांना येत होती. टिळकांच्या मंडालेच्या तुरुंगात जन्मलेले 'गीतारहस्य' कन्नडात नेले ते आलूर वेंकटराव यांनी. म्हणजे या दोन भाषांत एकमेकींना नीट वाचणारी माणसे होऊन गेली आहेत. आपण अगदीच निराधार नाही.

त्या कन्नड शेजाऱ्यांना मी नंतर घरी जाऊन उत्तर दिले. म्हटले, सातांपैकी बहुतेकांना येत नव्हते, आणि त्यावरून आम्ही फार दिवस रागावलो. आपल्याला काय येत नाही याचा विचार मात्र थोडा केला. ते काही बोलले नाहीत. आत जाऊन त्यांनी आपल्या नातीची कन्नड बाराखडीची वही आणून माझ्यापुढे ठेवली. सध्या मी 'क'पासून सुरुवात केली आहे.